सिद्ध कोणी करायचं?

मागल्या १९ मार्चच्या रात्री महाडात आपण वीसेक जण बसलो होतो. उद्याची आखणी चालली होती. पुस्तकांचा स्टॉल कुठं, पाण्याची पिंपं कुठं, पोलादपूरकडून येणाऱ्या गाड्या कुठं थांबवायच्या. मी म्हणालो, आणखी एक टेबल टाकू. माजी सैनिकांसाठी. तळ्यावर जे म्हातारे येतात त्यांत पलटणीतून आलेले बरेच असतात. कुणाचा कान गेलाय, कुणाचा गुडघा, कुणाला झटके येतात. त्यांचे अपंगत्वाच्या पेन्शनचे कागद बघू, पुढची वाट सांगू.

तर एक पोरगा बोलला. चांगला वाचणारा, चांगला बोलणारा पोरगा. "दादा, फौजी म्हंजे सरकारचा माणूस. त्यानं सरकारची बंदूक धरली, सरकार त्याचं बघंल. फारम भरनं ही काय क्रांती हाय? ते एजंटाचं काम."

सगळे हसले. मीपण हसलो. टेबल पडलं नाही.

हा लेख त्या हसण्याला उत्तर आहे. माझ्यासकट सगळ्यांच्या हसण्याला.

*

आधी तळ्याचंच बोलू, कारण क्रांती कशाला म्हणायचं हे आपण तळ्यावरूनच ठरवतो.

२० मार्च १९२७. बाबासाहेब तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्याले. मागून हजारो प्याले. मग सवर्णांनी मंडपात आणि रस्त्यात गाठून आपल्या माणसांची डोकी फोडली. हे आपल्याला पाठ आहे. शाहीर गातात, आपण भाषणात सांगतो.

पुढचं किती जणांना पाठ आहे?

१२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सवर्णांनी महाडच्याच कोर्टात दावा लावला. प्रतिवादी नंबर एक, भीमराव रामजी आंबेडकर. म्हणणं असं की अनादि काळापासून अस्पृश्य या तळ्यावर पाणी भरत नाहीत, ही वहिवाट आहे, ती मोडू नये. १४ डिसेंबरला मनाई हुकूम निघाला. त्याच महिन्यात परिषद भरली. हजारो माणसं तळ्यावर जायला तयार होती. बाबासाहेबांनी ती थांबवली, कोर्टाचा हुकूम पाळला. आणि त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. जाळणारा आणि कोर्टाची तारीख सांभाळणारा माणूस एकच होता. त्याला यात विरोध दिसला नाही. आपल्याला कसा दिसतो?

१९३१ ला महाडच्या कोर्टात सवर्णांचा दावा गेला. ते ठाण्याला अपिलात गेले, तिथंही गेला. ते हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या निकालाचा गाभा काय? तुम्ही म्हणता वहिवाट आहे, तर ती अनादि काळापासूनची आहे हे तुम्ही सिद्ध करा. ते त्यांना करता आलं नाही. तळं खुलं राहिलं.

पाणी प्यायला एक दिवस लागला. ते पाणी कायद्यानं आपलं ठरायला दहा वर्षं लागली. त्या दहा वर्षांत जबाब होते, नकला होत्या, तारखा होत्या, वकीलपत्रं होती, कारकुनाच्या टेबलापुढची उभी राहण्याची रांग होती. आणि सगळा खटला एका प्रश्नावर उभा होता: सिद्ध कोणी करायचं?

हा प्रश्न लक्षात ठेवा. तोच प्रश्न माझ्या चुलत्याच्या ट्रंकेत सव्वीस वर्षं पडून होता.

*

माझे चुलते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. पोलादपूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतले. १९८१ ला भरती झाले. भरतीच्या वेळी डॉक्टरनं छाती मोजली, डोळे बघितले, कान बघितले, उघडं उभं करून सगळं अंग तपासलं आणि कागदावर लिहिलं: फिट. या पोराला काही आजार आहे असं त्या कागदावर कुठंही लिहिलेलं नाही.

मग डोंगर, बर्फ, रात्रीचे पहारे. सुट्टी वर्षाला एकदा. १९८९ ला पहाऱ्यावरच पहिला झटका आला. तोंडाला फेस, जीभ चावलेली. इस्पितळ, गोळ्या, पुन्हा झटका. १९९० ला मेडिकल बोर्डापुढे उभं केलं आणि घरी पाठवलं. नोकरी नऊ वर्षं. आजार अपस्मार. अपंगत्व वीस टक्के. आणि पुढं शेरा: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. कॉन्स्टिट्यूशनल आहे.

हातावर थोडी ग्रॅच्युइटी ठेवली. पेन्शन नाही.

नाना वाडीत आले. जमीन म्हणजे डोंगरउतारावरचा नाचणीचा तुकडा. ते बिरवाडीकडं एमआयडीसीत वॉचमन लागले. आजार लपवून. झटक्याच्या माणसाला जागरण विष असतं हे त्यांना ठाऊक होतं, पण काम रात्रपाळीचंच मिळायचं. कामावर झटका आला की दुसऱ्या दिवशी हिशेब. मग दुसरी कंपनी. काकी लोकांच्या लावणीला जायची. थोरला पोरगा नववीतून सुटला आणि मुंबईला गेला.

१९९१ ला एक लिफाफा आला. इंग्रजीत. वाडीत इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. नानांनी तो गावातल्या एका शिकलेल्या माणसाकडं नेला. तो बोलला, "काय न्हाय रं. तुला काय मिळायचं न्हाय असं सरकारनं कळवलंय. ठेव जपून." नानांनी जपून ठेवला. पत्र्याच्या ट्रंकेत, डिस्चार्ज बुकात घालून.

त्या लिफाफ्यात आणखी एक ओळ होती. मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करता येईल. ती ओळ त्या शिकलेल्या माणसानं वाचली नाही, किंवा वाचून सांगितली नाही.

आता माझं सांगतो. १९९७ ला मी बीएला होतो. वाडीतला पहिलाच. त्या जुलैत घाटकोपरच्या रमाबाईनगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली. आम्ही पेटलो होतो. निषेधाच्या मोर्चाची तयारी चालली होती. नानांनी तो लिफाफा माझ्या हातात दिला. "बाळा, तू शिकलास. बघ यात काय हाय."

मी वाचला. अपिलाची ओळही वाचली. आणि बोललो, "नाना, मुदत कवाच संपली. आता काय होत न्हाय." लिफाफा परत दिला आणि मोर्चाला गेलो.

मोर्चाला गेलो ते बरोबर केलं. आज असता तर आजही जाईन. पण लिफाफा परत दिला ते चूक केलं. गावातल्या त्या शिकलेल्या माणसानं जे केलं तेच मी केलं. तो सवर्ण होता, मी पुतण्या होतो. लिफाफ्याच्या दृष्टीनं फरक शून्य.

*

आता त्या शेऱ्याकडं बघा. कॉन्स्टिट्यूशनल.

आपण हा शब्द ऐकला की आपल्याला संविधान आठवतं. डॉक्टरच्या कागदावर त्याचा अर्थ वेगळा. शरीराच्या घडणीतला आजार. म्हणजे तुझा तुझाच. तू जन्माला येतानाच घेऊन आलास. आमच्या बर्फाचा, आमच्या पहाऱ्याचा, आमच्या जागरणाचा त्याच्याशी संबंध नाही.

दोस्तांनो, ही भाषा आपण आधी कुठं ऐकलीय? दोष तुझ्या जन्मात आहे, आमच्या व्यवस्थेत नाही. दोन हजार वर्षं आपल्याला हेच ऐकवलं. मनूनं हे संस्कृतात लिहिलं, बोर्डानं इंग्रजीत लिहिलं. जो माणूस तुम्ही स्वतः तपासून, शिक्का मारून आत घेतला, तो बाहेर पडताना जन्माचा रोगी कसा ठरतो?

आणि गंमत अशी की सरकारचे स्वतःचे नियम नानांच्या बाजूचे होते. फौजेच्या १९६१ च्या पेन्शन रेग्युलेशनचं कलम १७३ सांगतं: आजारानं नोकरीतून काढलं, आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेनं वाढला, आणि अपंगत्व वीस टक्के किंवा जास्त असेल, तर अपंगत्वाची पेन्शन. आता सेवेमुळे झाला हे ठरवायचं कसं? त्यासाठी १९८२ चे नियम. ते म्हणतात, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरा. पुढं आजारापायी काढला तर बिघाड सेवेमुळे झाला असं धरा. दावा करणाऱ्याला पुरावा मागू नका. शंका असेल तर फायदा त्याला द्या.

म्हणजे सिद्ध कोणी करायचं? सरकारनं. तळ्याच्या खटल्यात जे ओझं सवर्णांवर होतं तेच इथं सरकारवर होतं. पण ओझं दुसऱ्यावर आहे हे सांगायलासुद्धा कोर्टात कुणीतरी उभं राहावं लागतं. तळ्यासाठी बाबासाहेब उभे होते. नानांसाठी कोण होतं?

२ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग यांच्या खटल्यात हेच बोलून दाखवलं. तोही शिपाईच. तोही नऊ वर्षांच्या नोकरीनंतर झटक्याच्या आजारापायी वीस टक्के अपंगत्व लावून घरी पाठवलेला. त्यालाही 'कॉन्स्टिट्यूशनल'चाच शेरा. कोर्ट म्हणालं, भरतीच्या कागदावर नोंद नाही, बोर्डानं कारण दिलेलं नाही, मग शेरा टिकत नाही. पेन्शन द्या. २०१४ ला सुखविंदर सिंग यांच्या खटल्यात कोर्ट आणखी पुढं गेलं: आजारापायी माणसाला फौजेतून काढलंय म्हणजे अपंगत्व वीस टक्क्यांच्या वर आहे असंच धरा. त्याच वर्षी डिसेंबरात राम अवतार यांच्या खटल्यात अपंगत्वाचा आकडा वर धरण्याचा फायदा मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. हा फायदा असा: अपंगत्व पन्नासच्या खाली तर पन्नास धरायचं, पन्नास ते पंचाहत्तर तर पंचाहत्तर, त्यावर शंभर. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सांगितलं की कारण न देता मारलेला बोर्डाचा शेरा चालणार नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की आजार सीमेवर नाही, पीस स्टेशनला झाला, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही.

मग प्रश्न सुटला म्हणायचं? नाही. कारण प्रत्येक वेळी वर जाणारं कोण आहे ते बघा. सरकार. शिपाई खाली जिंकतो, सरकार वर जातं. संरक्षण मंत्र्यांनीच २०१५ ला नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं होतं की अपंगत्वाच्या पेन्शनवरून आपल्याच सैनिकांशी भांडत बसू नका, ही अपिलं मागे घ्या. तरीही अपिलं चालू राहिली. वर नियम आवळले. २००८ च्या नियमांत एक ओळ घातली: सेवा सोडून पंधरा वर्षं झाल्यावर दावा केलात तर सिद्ध तुम्ही करायचं. २१ सप्टेंबर २०२३ ला आणखी नवे नियम आले, त्या दिवसानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी.

नीट समजून घ्या. जो उशीर करील त्याच्यावर पुराव्याचं ओझं. उशीर कुणाला होतो? ज्याच्या वाडीत इंग्रजी वाचणारं कुणी नाही त्याला.

*

२०१६ ला महाडच्या एसटी स्टँडवर एक निवृत्त सुभेदार भेटले. बोलता बोलता धरमवीर सिंगच्या निकालाचं सांगून गेले. मी सरळ वाडीत गेलो आणि ट्रंक उघडली. लिफाफा तसाच होता. कडेला वाळवी लागली होती.

पहिल्यांदा एजंट भेटला. त्यानं कागद बघितलेसुद्धा नाहीत. "थकबाकीचे तीस टक्के. आगाऊ पाच हजार." नंतर एक वकील भेटला. तोही हिश्श्याचीच भाषा बोलला. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आता आहे, म्हणून सांगतो: निकालावर अवलंबून फी ठरवणं आणि मिळालेल्या रकमेत हिस्सा मागणं बार कौन्सिलच्या नियमानं वकिलाला मना आहे. वकील हिस्सा मागायला लागला की तिथून उठायचं.

मग कळलं की आपल्या हक्काचा वकील आपल्याला फुकट मिळतो. हे कुणाचं दान नाही. ४२ व्या दुरुस्तीनं १९७६ ला संविधानात कलम ३९-अ घातलं, त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला, तो १९९५ ला लागू झाला. त्याचं कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी खर्चानं वकील, उत्पन्न कितीही असो. बाईला, मग ती कुठल्याही जातीची असो. अपंगाला. गरिबाला, उत्पन्नाची मर्यादा बघून. नाना दोन बाजूंनी बसत होते. कुणी म्हणेल, बौद्ध झालात मग अनुसूचित जात कुठली? त्याला १९९० ची दुरुस्ती दाखवा. बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत तेव्हाच घेतलंय. जातीचा दाखला हातात ठेवा आणि अर्ज टाका.

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. जिल्ह्याचं प्राधिकरण अलिबागला. सैनिकांचे खटले चालतात सशस्त्र सेना न्यायाधिकरणात. २००७ च्या कायद्यानं ते उभं राहिलं, २००९ ला सुरू झालं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथं हरलात तर हायकोर्टाची वाट बंद नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२३ ला पुन्हा मोकळं केलंय.

आम्ही २०१७ ला दावा लावला. उशीर माफ करण्याचा अर्ज जोडून. २०१९ ला नानांच्या बाजूनं हुकूम झाला. मग पुन्हा मेडिकल बोर्ड. साठीकडं झुकलेल्या माणसाला पुन्हा उभं करून, नऊ वर्षं नोकरी केलेल्या शरीरात काय उरलंय ते बघितलं. मग फाईल एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. पैसे आले २०२१ ला, पुराच्या वर्षी.

थकबाकी किती वर्षांची? तीन. कारण २००८ च्या तरसेम सिंगच्या निकालापासून कायदा असा बसलाय: पेन्शन नाकारणं हा रोज नव्यानं होणारा अन्याय आहे, म्हणून दावा कधीही लावता येतो, पण मागची बाकी मिळते दाव्याच्या आधीच्या तीनच वर्षांची. दावा २०१७ चा, म्हणून बाकी २०१४ पासून. १९९० ते २०१४, चोवीस वर्षं, बुडाली.

पासबुक बघून नाना बोलले, "बरं झालं. आन् मदली चोवीस वर्सं?"

मी काय बोलणार? त्यातली पहिली काही वर्षं सरकारच्या माथी मारतो, काही त्या गावातल्या शिकलेल्या माणसाच्या. पण १९९७ च्या पुढची माझी आहेत. तेव्हा हे न्यायाधिकरण नव्हतं, धरमवीर सिंगचा निकाल नव्हता. पण हायकोर्ट होतं, १९८२ चे नियम होते, विधी सेवेचा कायदा लागू होऊन दोन वर्षं झाली होती. निकाल काय लागला असता ते सोडा. मी अर्जच केला नाही. थोरल्या पोराची नववी त्यात गेली नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

*

आता त्या पोराच्या मुद्द्याला येतो. फौजी म्हणजे सरकारचा माणूस.

महाड तालुक्यात रावढळ नावाचं गाव आहे. तिथले गोपाळबाबा वलंगकर. पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. पेन्शनर. १८८८ ला त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. दीनबंधूतून लिहिलं. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा १८९४ ला लष्कराच्या वरिष्ठांसाठी अर्ज तयार केला. १८९५ ला महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्णांचा तिळपापड झाला. हा माणूस एवढं बोलू कसा शकला? त्याच्याकडं अक्षर होतं आणि पेन्शन होती. गावकीच्या शिळ्या भाकरीवर जगणारा माणूस पाटलाविरुद्ध लिहू शकत नाही. सरकारच्या तिजोरीतून हक्काचा पैसा येणारा माणूस लिहू शकतो.

दापोलीला महार पेन्शनरांची वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथंच होते. त्या पेन्शनराच्या घरातून कोण निघालं ते सांगायची गरज नाही. १९१० ला शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेच्या मंत्र्याकडं अर्ज पाठवला, त्यातही फौजेच्या नोकरीची मागणी होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून १९१७ ला महार पलटण उभी केली, गरज संपली तशी १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ उजाडलं. १९२७ च्या महाड परिषदेत निवृत्त फौजी मोठ्या संख्येनं होते. डोकी फुटली तेव्हा उलटा हात उगारायला तेच तयार होते, आणि बाबासाहेबांच्या शब्दावर थांबलेही तेच.

आपल्या चळवळीचं पहिलं हत्यार अर्ज होतं, दोस्तांनो. आणि ते पहिल्यांदा उचललं पेन्शनरांनी. १ जानेवारीला आपण कोरेगावच्या खांबाला सलामी देतो. खांबावरच्या मेलेल्या शिपायांना सलाम आणि वाडीतल्या जिवंत शिपायाच्या लिफाफ्याला हसू, हा कुठला आंबेडकरवाद?

दुसरी गोष्ट. हा प्रश्न एकट्या आपला नाही. महाड-पोलादपूर हा फौजी मुलूख आहे. फौजी आंबवडे गावाच्या तर नावातच फौज आहे. मराठ्यांच्या वाड्यांतही कान गेलेले, गुडघे गेलेले, झटके येणारे शिपाई बसलेत, त्यांच्याही ट्रंकेत तोच शेरा पडून आहे. कुणी म्हणेल, ज्यांनी आपल्याला विहिरीवर येऊ दिलं नाही त्यांचे फारम आपण भरायचे का? मी म्हणतो, हो. चवदार तळं आपण फक्त आपल्यासाठी खुलं केलं नव्हतं. आणि २६ जानेवारीला त्यांच्या गळ्यात हार घालून फोटो काढणारे पुढारी त्यांच्या लिफाफ्याला हात लावत नाहीत, हे त्यांनाही एकदा दिसू द्या. कागद वाचणारा पोरगा कुठल्या वाडीतून आला हे ते विसरणार नाहीत.

*

तर करायचं काय?

प्रत्येक गावकीच्या शाखेतून दोन पोरं. एक पोरगी असलीच पाहिजे, कारण निम्मे लिफाफे आता विधवांकडं आहेत. त्यांनी वाडीवाडीत जायचं आणि ट्रंका उघडायच्या. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम असेल तर तो, नामंजुरीचं पत्र, मेडिकल बोर्डाचे कागद. बोर्डाचे कागद नसले तर माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली रेकॉर्ड ऑफिसकडं मागायचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या ओळखीच्या एका हवालदाराचं डिस्चार्ज बुक चिखलात गेलं. तो गप्प बसला होता. गप्प बसायचं नाही, दुसरी प्रत मागायची.

कागदावर तीन गोष्टी शोधायच्या. सेवा सोडल्याची तारीख, कारण तिच्यावरून कुठले नियम लागतात ते ठरतं. टक्का. आणि शेरा. मुदत संपली असं कुणी बोललं तर ऐकायचं नाही. मी ते एकदा बोललोय, त्याची किंमत वर लिहिली आहे. दर महिना उशीर म्हणजे एक महिन्याची पेन्शन कायमची बुडाली, एवढाच हिशेब.

मग जातीचा दाखला जोडून विधी सेवेचा अर्ज. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक बोर्डांच्या कचेऱ्यांत कायदेशीर मदतीची केंद्रं, अशी ती योजना. कागदावर आलेली गोष्ट जागेवर आणायची असेल तर दार ठोठवणारा माणूस लागतो. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून अलिबागला जाऊन यायचं म्हणजे म्हाताऱ्याचा अख्खा दिवस आणि भाडं. एकटा जाणार नाही. आपण बरोबर जायचं.

आणि एक पथ्य. चहासुद्धा घ्यायचा नाही असं मी म्हणत नाही, काकी ऐकणार नाही. पण थकबाकीतला पैसा घ्यायचा नाही. घेतला की आपण एजंट झालो.

येत्या २० मार्चला टेबल पडेल. मी बसणार आहे. नानापण बसणार आहेत, सफेद टोपी आणि मेडल लावून. ते म्हणतात, "मी निस्ता बसंन. लोकांना दिसू दे, मिळतं म्हनून."

त्या रात्री बोललेल्या पोराला मी नाव घेऊन टोचत नाही. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर मला तोच हवा. आला नाही तर मी त्याच्या घरी जाईन. त्याचा आजा पलटणीत होता. त्यांच्याही घरी ट्रंक असेल.

जय भीम.